नव्या मेंटॉर शिक्षकांसाठी: गुणपत्रिकेआधी गाडीचं वेळापत्रक

प्रवेश आटोपले की कार्यालयातून एक यादी हातात पडते. वीस-पंचवीस नावं, हजेरी क्रमांक, मोबाइल नंबर आणि वर 'मेंटॉर' म्हणून तुमचं नाव. यादीबरोबर एक छापील फॉर्मही मिळतो. त्यात बारावीची टक्केवारी, छंद, जीवनातलं ध्येय असे रकाने असतात. पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. देवगड तालुक्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे कोल्हापूर, सांगली, लातूरकडून तासिका तत्त्वावर येणारे तरुण शिक्षक दरवर्षी हाच प्रश्न घेऊन स्टाफरूममध्ये बसतात. त्यांना जे तोंडी सांगते, ते इथे लिहून ठेवते आहे.

काम काय आहे ते आधी. प्रवेश घेतलेल्या मुलाला पदवीपर्यंत नेणारी वाट त्याच्या नजरेसमोर ठेवणं: कोणते विषय, किती क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजायचं एकक), कोणती मुदत, कोणता दाखला, कुठे अडलं तर कोणत्या खिडकीशी जायचं. विषय शिकवणं हे वर्गातलं काम आणि मनाच्या आजारावर उपचार हे डॉक्टरांचं. या दोन्हींच्या मधलं जे सगळं आहे, ते मेंटॉरचं. किनारपट्टीवरच्या आमच्या मुलांच्या बाबतीत हे काम क्रेडिटपासून सुरू करून चालत नाही. मुलाचा दिवस आणि मुलाच्या घरचं वर्ष कळल्याशिवाय दिलेला सल्ला कागदावर कितीही बरोबर असला तरी तो पाळला जात नाही.

पहिली भेट

सगळ्यांना एका वर्गात बसवून ओळखपरेड घेऊ नका. चारचौघांत कोणीही खरं बोलत नाही, आणि खेड्यातून आलेली मुलगी तर मान वरही करत नाही. एकेकाला बोलवा. दहा मिनिटं पुरतात. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर, कुठेही बसा, पण दार उघडं असू द्या.

'तुला काय व्हायचंय?' हा प्रश्न पहिल्या भेटीत टाळा. अठरा वर्षांच्या मुलाला त्याचं उत्तर माहीत नसतं, म्हणून तो तुम्हाला आवडेल असं उत्तर देतो, आणि पुढची तीन वर्षं त्या उत्तराला चिकटून बसतो. मी विचारते ते असं:

गाव कुठलं, वाडी कुठली? सकाळी कोणत्या गाडीने येतोस आणि परत कोणत्या गाडीने जातोस? ती चुकली तर पुढची कधी? घरात कोण कोण? आंब्याची कलमं आहेत का, होडी आहे का, की मोलमजुरी? तू कोणत्या महिन्यांत घरच्या कामाला असतोस? मोबाइल तुझा की घरात एकच? घरी रेंज येते की बांधावर जावं लागतं? बारावीपर्यंत माध्यम कोणतं होतं?

यातलं पहिलंच उत्तर किती कामाचं आहे ते एका उदाहरणाने सांगते. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी दुपारच्या प्रात्यक्षिकातून अर्ध्यावर निघून जायची. दोन शिक्षकांनी तिला बेजबाबदार ठरवलं होतं. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, माका गाडी चुकता." तिच्या वाडीला जाणारी शेवटची एसटी साडेचारची, आणि प्रात्यक्षिक पाचला सुटायचं. पुढच्या गाडीने फाट्यावर उतरून अंधारात पाऊण तास चालायचं होतं. तिची बॅच बदलून सकाळची दिली. एवढंच केलं, आणि त्यानंतर तिचं जर्नल वर्गात सर्वांत आधी पूर्ण होऊ लागलं.

म्हणून यादी हाती आली की मी आगारातून गाड्यांच्या वेळा घेऊन येते आणि प्रत्येक नावापुढे येण्या-जाण्याची गाडी लिहिते. काही मुलं वस्तीच्या गाडीने येतात. रात्री गावात मुक्कामाला असलेली ती गाडी पहाटे निघते, म्हणजे मुलगा सात-साडेसातला महाविद्यालयाच्या दारात असतो आणि पहिला तास दहाला असतो. ते अडीच तास त्याचे आहेत. ग्रंथालय लवकर उघडून घेता आलं तर घ्या. मी ज्यांना ज्यांना चांगल्या गुणांनी बाहेर पडताना पाहिलं, त्यांतल्या बऱ्याच जणांचा अभ्यास याच वेळात झालेला आहे, कारण घरी गेल्यावर गुरं, पाणी आणि धाकटी भावंडं असतात.

पासाचंही याच भेटीत विचारून घ्या. एसटीच्या विद्यार्थी मासिक पासात 66.67 टक्के सवलत मिळते. मार्च 2023 पासून महिलांना तिकीट अर्ध्या दरात आहे, म्हणून काही मुली पास काढतच नाहीत. रोज येणाऱ्या मुलीला पासच स्वस्त पडतो. तिच्यासमोर बसून हिशोब करून दाखवा.

घरचं वर्ष आणि विद्यापीठाचं वर्ष

वहीच्या एका पानावर दोन ओळी आखा. वरच्या ओळीत विद्यापीठाचे महिने, खालच्या ओळीत घरचे. कुठे टक्कर होते ते लगेच दिसतं.

मच्छीमार घरातलं मूल घ्या. तारामुंबरी, तांबळडेग किंवा विजयदुर्गच्या बाजूचं. जून-जुलैत मासेमारी बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायला काढलेली आणि घरात पैसा नाही. नेमकी त्याच वेळी प्रवेशाची फी भरायची असते. आंबा बागायतदाराच्या घरी उलटं. त्याचा पैसा उन्हाळ्यात येऊन गेलेला असतो, त्यामुळे जूनमध्ये फी निघते. पण डिसेंबर-जानेवारीत खतं-फवारणीची उधारी चढलेली असते आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षा शुल्काला पैसे नसतात. दोन्ही मुलं गरीब नव्हेत, दोघांचे हंगाम वेगळे आहेत. हप्त्याचा अर्ज कोणाला कोणत्या महिन्यात लागणार हे तुम्हाला आधी ठाऊक असेल, तर मूल लाजून गैरहजर राहायच्या आत तुम्ही कार्यालयात शब्द टाकू शकता.

भाद्रपदात गणपती. चाकरमानी मुंबईहून येतात, घरं भरतात. अकरा दिवसांचा गणपती असलेल्या घरातली मुलगी त्या काळात वर्गात दिसेल अशी अपेक्षा धरू नका. त्यानंतर भात कापणी, आणि कापणी संपते-न-संपते तोच पहिल्या सत्राची परीक्षा. थंडीत मोहोर येतो, फवारण्या सुरू होतात. माघात कुणकेश्वरची महाशिवरात्र, फाल्गुनात शिमगा. मार्च-एप्रिलमध्ये आंबा काढणी आणि पेट्या भरणं, आणि दुसऱ्या सत्राची परीक्षा तेव्हाच तोंडावर असते.

हे सगळं मुलाला ओरडून बदलत नाही. बापाच्या वर्षाची कमाई त्या सहा-सात आठवड्यांत ठरते, आणि मजूर मिळत नसताना धडधाकट मुलगा घरात असेल तर तो कलमांतच जाणार. म्हणून मी डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी हे महिने अडवून धरते. बागायतीतल्या मुलांना स्पष्ट सांगते की तुझा दुसऱ्या सत्राचा अभ्यास शिमग्याआधी पूर्ण व्हायला हवा. एप्रिलमध्ये फक्त उजळणी होईल असं धरून चाल. असाइनमेंट, जर्नल, प्रकल्प हे सगळं होळीच्या आत जमा. विषयशिक्षकांशी बोलून या मुलांकडून ते आधी घ्यायला सांगते, आणि बहुतेक जण ऐकतात.

हजेरी 75 टक्के लागते. ती मोजायची वेळ ऑक्टोबर नव्हे. ऑक्टोबरमध्ये काळी यादी लागते, तेव्हा मुलाच्या हातात काही उरलेलं नसतं. गणपतीच्या सुट्टीआधी एकदा स्वतः हजेरीपट पाहा आणि ज्यांची साठच्या खाली आहे त्यांना बोलावून आकडा सांगा: एवढे तास झाले, एवढ्यांना तू होतास, यापुढे एवढे बसलास तर पुरेल. आकडा ऐकून मुलं जागची हलतात, 'नियमित येत जा' ऐकून हलत नाहीत. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला त्याच आठवड्यात घ्यायला लावा.

क्रेडिट समजावताना

आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाला. मेजर, मायनर, ओई, एसईसी, व्हीएससी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी. पहिल्या महिन्यात ही अक्षरं ऐकून मुलं गांगरतात, आणि त्यांचे पालक तर 'बीए करतो' यापलीकडे काही विचारूच शकत नाहीत.

मी कोऱ्या कागदावर सांगते. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, म्हणजे दर सत्राला 20 ते 22. एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 तासांचं शिकवणं किंवा 30 तासांचं प्रात्यक्षिक. ज्या विषयात तुझी पदवी होणार तो मेजर. त्याला जोड म्हणून मायनर. ओपन इलेक्टिव्ह (ओई) तुझ्या शाखेबाहेरचा घ्यायचा. बाकीचे कौशल्याचे (एसईसी, व्हीएससी), भाषेचे (एईसी), मूल्यांचे (व्हीईसी) छोटे छोटे पेपर, पण 2 क्रेडिटचा पेपर राहिला तरी पदवी अडते. हे शेवटचं वाक्य दोनदा सांगा. मुलं भारतीय ज्ञानपरंपरेचा (आयकेएस) किंवा पर्यावरणाचा पेपर 'तो काय, छोटा आहे' म्हणून सोडून देतात, आणि तिसऱ्या वर्षी मेजरमध्ये पहिला वर्ग असलेल्या मुलीचा निकाल त्या 2 क्रेडिटपायी राखून ठेवला जातो.

मायनर निवडताना मैत्रीण काय घेते ते पाहून निवड होते. ते थांबवायचं तर पुढचं दार दाखवायला लागतं. इतिहास मेजर असलेल्या मुलाला बीएड करायचं असेल तर शाळेत शिकवता येईल असा दुसरा विषय मायनर म्हणून उपयोगी पडतो. घरची बाग असलेल्या वाणिज्यच्या मुलाला विपणनाची जोड कामाची, कारण दलालाकडे पेटी न पाठवता थेट गिऱ्हाईक गाठणारे तरुण आता आमच्याच गावांत आहेत. निवड मात्र मुलाने करायची. तुम्ही दोन पर्याय आणि प्रत्येकाचं पुढचं पाऊल सांगा, आणि विचार करायला आठवडा द्या. कोणत्या सत्रात निवड पक्की होते आणि नंतर बदल मिळतो का, हे विद्यापीठाच्या परिपत्रकात स्वतः वाचून घ्या. ऐकीव माहितीवर सल्ला देऊ नका. स्टाफरूममध्ये जुन्या पद्धतीचे नियम नव्यात मिसळून सांगणारे पुष्कळ असतात.

ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. 4 क्रेडिटचं असेल तर 120 तास भरतात. मुंबई-पुण्यात मुलं कंपन्या शोधतात. आमच्याकडे आंबा प्रक्रिया कारखाना आहे, पतसंस्था, मच्छीमार सोसायटी, ग्रामपंचायत आणि ग्रंथालय आहे. दोन महिने आधी स्वतः जाऊन बोलून या आणि मुलाला दिवसाला काय काम देणार ते विचारा. प्रक्रिया कारखान्याचा हंगाम एप्रिल-मे. विज्ञानाच्या मुलाला तिथे साखरेचं प्रमाण मोजणं, आम्लता काढणं, बाटल्यांचं निर्जंतुकीकरण हे सगळं शिकायला मिळतं. नुसता सहीशिक्का आणून देणारी ओजेटी मी मान्य करत नाही. मुलगा त्या 120 तासांत जे शिकेल, त्यावर त्याला पहिली नोकरी मिळण्याची शक्यता असते.

मुलाचे क्रेडिट जिथे जमा होतात ते अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं पहिल्या सत्रातच उघडून घ्या. ते डिजिलॉकरमधून होतं आणि त्याचा क्रमांक म्हणजे 12 अंकी अपार आयडी. इथे खरी अडचण नावाची येते. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, बापाचं नाव एका ठिकाणी 'बाळकृष्ण' तर दुसऱ्या ठिकाणी 'बाळा'. नाव जुळलं नाही तर क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून पहिल्या भेटीनंतरच्या आठवड्यात सगळ्यांना दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडायला लावा.

आता मध्येच सोडून जाणाऱ्यांविषयी, कारण आमच्याकडे हे फार होतं. मोपाला विमानतळ झाल्यापासून आणि वेर्ण्याच्या कारखान्यांमुळे गोव्यात पोरं पटकन लागतात. पहिलं वर्ष झालं की मुलगा येऊन सांगतो, "मॅडम, मी जातंय." त्याला थांबवण्यासाठी आकांडतांडव करू नका. घरची गरज त्याला तुमच्याहून जास्त माहीत आहे. त्याला बसवून हे सांगा: पहिल्या वर्षाचे सगळे, म्हणजे 40 ते 44 क्रेडिट पूर्ण कर, त्यावर 4 क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप कर, म्हणजे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येईल. दोन वर्षं केलीस तर डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. 'मुलगा कॉलेज सोडून गेला' आणि 'मुलगा प्रमाणपत्र घेऊन गेला, परत येणार आहे' यांत फार अंतर आहे. त्याचा नंबर ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये फोन करा. माझ्या यादीतून असे गेलेले काही जण परत येऊन वर्गात बसले आहेत, आणि त्यांच्याइतका मन लावून शिकणारा विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही.

चौथ्या वर्षाचं ऑनर्स संशोधनासह करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून अधिक लागतात. हे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सांगा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सांगून काय उपयोग?

कागद आणि पैसा

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरतात. कोणाला कोणती योजना लागू होते ते जातप्रवर्ग आणि उत्पन्नावर ठरतं. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला आठ लाख. खुल्या प्रवर्गातली कित्येक घरं 'आपल्याला काय मिळतंय' म्हणून अर्जच करत नाहीत. त्यांना ही दुसरी योजना आवर्जून सांगा.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन क्रिमिलेयर आणि जात वैधता. हे कागद मे महिन्यात काढायला सुरुवात केली तर सोपं जातं. जुलैत तहसील कार्यालयात आणि सेतूवर झुंबड असते, वरून पाऊस आणि वीज गेलेली.

पैसे मंजूर होऊनही खात्यात आले नाहीत असं मूल सांगत येईल. दहांपैकी बहुतेक वेळा कारण एकच निघतं: आधार बँक खात्याला जोडलेलं नाही, किंवा आई-बाबांनी मागे उघडलेल्या दुसऱ्याच खात्याला जोडलेलं आहे. सरकारी रक्कम आधार ज्या खात्याशी जोडलेलं असेल तिथेच जाते, अर्जात कोणताही नंबर लिहिला तरी. बँकेत पाठवताना 'आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे ते विचार' असं नेमकं वाक्य लिहून द्या.

एटीकेटी लागल्यावर

निकाल लागला की ज्यांचे विषय राहिले, म्हणजे ज्यांना एटीकेटी लागली, ते तुम्हाला टाळतात. जिन्याने जाणारा मुलगा तुम्हाला पाहून मागे फिरतो. त्याला शोधून बोलवायचं काम तुमचं आहे, आणि निकालाच्या पहिल्या आठवड्यातच करायचं. मेंटॉरच्या वर्षभरातल्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. इथे निसटलेला मुलगा पुढे क्वचितच हाती लागतो.

बसवल्यावर उपदेश करू नका. गुणपत्रिका मध्ये ठेवा आणि प्रत्येक राहिलेल्या विषयात अंतर्गत गुण किती, लेखी किती ते वेगळं पाहा. अंतर्गत गुण गेले असतील तर बहुधा असाइनमेंट दिलेली नाही किंवा चाचणीच्या दिवशी तो हजर नव्हता. यावर विषयशिक्षकांशी बोलून वाट निघते. लेखीत गेले असतील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला सांगा. तिची मुदत थोडी असते, आणि ती मुदत तुमच्या वहीत असली पाहिजे. छायाप्रत आली की विषयशिक्षकाबरोबर एकदा वाचा. कितीतरी वेळा असं दिसतं की मुलाला येत होतं, पण इंग्रजीत लिहिता आलं नाही. मराठी माध्यमातून आलेलं मूल पहिल्या सत्रात वाक्यच्या वाक्यं पाठ करतं, आणि एक शब्द विसरला की सगळं उत्तर सांडतं.

अशा मुलांना मी आधी उत्तर मराठीत सांगायला लावते. ते आलं की त्या विषयाच्या पंचवीस-तीस इंग्रजी संज्ञा वेगळ्या पाठ करायच्या, आणि मग लहान लहान वाक्यांत इंग्रजीत लिहायचं. कला शाखेसारखी जिथे मराठीत उत्तर लिहायची मुभा आहे तिथे खुशाल मराठीत लिहू द्या, त्यात कमीपणा नाही. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमातही स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानेच 2023 मध्ये विद्यापीठांना कळवलेलं आहे.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: राहिलेल्या विषयाचा परीक्षा अर्ज वेगळा भरावा लागतो. ज्या मुलांचं वर्ष वाया जाताना मी पाहिलं, त्यांतल्या पुष्कळांनी पेपर नापास होऊन वर्ष घालवलेलं नाही. फॉर्म भरायचा राहिला म्हणून घालवलं. सूचना व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते, घरात एकच मोबाइल, तो बाबांबरोबर होडीवर किंवा मुंबईला. म्हणून एटीकेटीवाल्यांची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली असते आणि प्रत्येकाचा फॉर्म भरल्याची पावती पाहिल्याशिवाय मी नावावर खूण करत नाही. मोबाइल लागत नसेल तर त्याच गाडीने येणाऱ्या मुलाकरवी निरोप पाठवा. कंडक्टरकडे चिठ्ठी दिली तरी पोचते.

पदवीनंतरचं विचारलं तर

थोडक्यात सांगते, कारण यातलं बरंच काही दरवर्षी बदलतं. बीएड आणि तीन वर्षांचं एलएलबी दोन्हींना सीईटी आहे. एलएलबीला खुल्या प्रवर्गाला पदवीला 45 टक्के लागतात. एमएस्सीसाठी जॅम देऊन आयआयटीत जाता येतं. आमच्या मुलांना ही परीक्षा माहीतच नसते, म्हणून दुसऱ्या वर्षात जुने पेपर हातात द्या. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय इथल्या पदवीचे प्रवेश बारावीनंतर होतात. बीएस्सी झाल्यावर तिकडे जाऊ म्हणणाऱ्याला हे पहिल्याच वर्षी स्पष्ट करा. स्पर्धा परीक्षा करणाऱ्याला पदवीतली हजेरी सोडू देऊ नका. पदवी हाती नसेल तर पूर्वपरीक्षेचे गुण घेऊन तो काय करणार?

पालक

पालकसभेला पालक येत नाहीत म्हणून नाराज होऊ नका. कामाचा दिवस मोडून, गाडीभाडं खर्चून ते येणार कसे? देवगडच्या आठवडा बाजाराला, बँकेत, आगारात ते भेटतात. तिथे दोन मिनिटं बोला. "मॅडम, ह्याका कायतरी सांगा, आमचा ऐकणा नाय," असं एखादा बाप म्हणाला तर मुलाविषयी एक चांगली गोष्ट त्याला ऐकवा, खरी असेल ती. घरी गेल्यावर ती मुलापर्यंत पोचते आणि तुमचं पुढचं काम हलकं होतं. मुलाने विश्वासाने सांगितलेलं मात्र पालकांपर्यंत नेऊ नका. 

मुलींच्या बाबतीत दुसऱ्या वर्षानंतर प्रश्न येतो, "चेडवाक आजून किती शिकवचा?" स्थळ आलेलं असतं. इथे मी मागे हटत नाही. मुलीची शिकायची इच्छा आहे हे तिच्याकडून पक्कं करून घेते आणि मग घरी जाते. स्थळाबद्दल काही बोलत नाही. एवढंच सांगते की एकच वर्ष राहिलंय, पदवी हातात असू द्या, उद्या काही झालं तरी तिचं ती उभी राहील. आजी घरात असेल तर तिच्याशी बोला. शिकायला न मिळालेल्या आज्यांनी नातीची बाजू लावून धरलेली मी या गावांत पाहिली आहे.

आपल्या हाताबाहेरचं

मूल झोपत नाही, जेवत नाही, जगून काय करायचं असं बोलतं, तर तुम्ही समुपदेशक होऊ नका. त्याला एकटं सोडू नका, प्राचार्यांना आणि घरच्या विश्वासातल्या माणसाला कळवा, डॉक्टरांपर्यंत न्या. टेली-मानसचा 14416 हा सरकारी मोफत क्रमांक त्याच्यासमोर लावून द्या. इथे गुप्ततेपेक्षा जीव मोठा. रॅगिंगसाठी 1800-180-5522 आहे. लैंगिक छळाची तक्रार आली तर ती अंतर्गत समितीकडे जाते. 'आपसात मिटवू' हा शब्द तुमच्या तोंडून निघता कामा नये.

वही

भेट झाली की त्याच दिवशी तीन ओळी लिहा: काय अडचण, काय ठरलं, पुढे कोणत्या तारखेला पाहायचं. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी लागतो तो छापील फॉर्म वेगळा भरा, आणि ही वही वेगळी ठेवा. फाइल कोणीही चाळतं, म्हणून घरची खासगी गोष्ट तिच्यात जाऊ देऊ नका.

तासिका तत्त्वावर असाल तर सत्र संपलं की तुमची नेमणूक संपते, आणि पुढच्या वर्षी तुम्ही याच महाविद्यालयात असाल याची खात्री नसते. मुलं मात्र असतात. म्हणून एप्रिलमध्ये निघण्याआधी, सत्र परीक्षेच्या धांदलीतही, प्रत्येक नावापुढे एकेक ओळ लिहून यादी विभागप्रमुखांकडे द्या: कोणाचा फॉर्म भरायचा आहे, कोणाचं आधार दुरुस्तीला गेलंय, कोणाला हप्ता लागेल, कोण गोव्याला गेलंय आणि कधी परतणार आहे, कोणाची गाडी किती वाजता आहे. आणि मुलांना जाऊन सांगा की मी नसले तर जूनमध्ये कोणाकडे यायचं. नाव सांगा, टेबल दाखवा, जमलं तर त्या शिक्षकाला तिथेच भेटवा.